पहिली चाल एकच ठेवता? मग या चुका टाळा

बुद्धिबळात पांढरी मोहरी वाट्याला आली की अमेरिकेचा जगज्जेता बॉबी फिशर राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचा. ई४, म्हणजे ई-पट्टीतलं चौथं घर. शाळकरी वयात तेच, आणि १९९२ साली युगोस्लाव्हियातल्या स्वेती स्तेफानला जुना प्रतिस्पर्धी स्पास्कीसमोर पुन्हा बसला तेव्हाही तेच. निवडक डावांच्या पुस्तकात त्याने या चालीला ‘बेस्ट बाय टेस्ट’ असा शेरा देऊन ठेवला आहे. मधल्या काळात अपवाद झाले, पण मोजके.

एक चाल धरून वर्षानुवर्षं खेळावं, या मताचा मीही आहे. नवशिक्याला त्याचा फायदाच होतो: त्याच त्याच प्याद्यांच्या रचना येत राहतात, मोहरी कुठे बसवायची ते हाताला कळू लागतं. पण फिशरचं नाव घेऊन ई४ खेळणारे बरेच जण त्याचे फक्त जिंकलेले डाव बघतात. तो कुठे अडला आणि अडल्यावर त्याने काय केलं, ते बघत नाहीत. खालच्या चुका तिथूनच येतात.

पहिल्या चालीबरोबर पुढच्या दहा चालीही कायमच्या ठरवून टाकणं

सगळ्यात जास्त गुण या चुकीपायी जातात, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

१९५९ साली युगोस्लाव्हियात झालेल्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या) फिशर सोळा वर्षांचा होता. त्याच्या ई४ ला पेत्रोस्यान, स्मिस्लॉव, केरेस यांच्यासारखे मुरलेले खेळाडू कॅरो-कान बचावाने (आधी सी६, मग डी५) उत्तर देऊ लागले. फिशर प्रत्येक वेळी दोन्ही घोडे आधी बाहेर काढायचा, काळा आपला उंट जी४ वर आणून एका घोड्याबरोबर बदलायचा आणि भक्कम रचना करून बसायचा. पांढऱ्याकडे दोन उंट उरायचे, पण मध्य बंद असल्याने ते चालायचे कुठे? यातून हाताला काही लागत नव्हतं, तरी फिशर तेच खेळत राहिला.

आता थेट १९७० वर या. बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना होता, आणि दुसऱ्या पटावर फिशरसमोर पुन्हा पेत्रोस्यान. पहिल्याच डावात ई४, आणि उत्तर पुन्हा कॅरो-कान. या वेळी फिशरने तिसऱ्या चालीत डी५ वर प्याद्यांची मारामारी करून घेतली आणि चौथ्या चालीत उंट डी३ वर ठेवला. अशी अदलाबदल तेव्हा मिळमिळीत समजली जायची. पण डी३ वरच्या त्या उंटाने काळ्याच्या उंटाचं एफ५ हे आवडतं घर बंद केलं. पेत्रोस्यानने उंट जी४ वर काढला, तर फिशरचा वजीर बी३ वर आला आणि बी७ चं प्यादं उघडं पडलं. दोन चालींत काळ्याचा उंट मागे डी७ वर आला. आता तो बी५ वरून पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी बदलायचा, एवढाच मार्ग उरला होता. फिशरने अकराव्या चालीत ए४ खेळून तोही बंद केला. कडेचं साधं प्यादं, पण पटावरची सगळ्यात महत्त्वाची चाल ती होती. पुढे घोडा ई५ वर रोवला गेला, हल्ला राजाच्या बाजूला वळला आणि फिशर जिंकला. चार डावांचा तो सामना त्याने ३-१ ने घेतला.

पहिली चाल अकरा वर्षांनंतरही तीच होती. बदलली ती त्याखालची एक फांदी, जी फळत नव्हती.

तुमच्याकडे हीच अडचण असेल तर उपाय सोपा आहे आणि थोडा कंटाळवाणा. गेल्या वर्षभरातले पांढऱ्या मोहऱ्यांचे डाव काढा आणि प्रतिस्पर्ध्याच्या उत्तराप्रमाणे वेगळे करा: ई५, सिसिलियन (सी५), फ्रेंच (ई६), कॅरो-कान, उरलेले. एका गटात निकाल सतत वाईट दिसले, तर तेवढाच गट दुरुस्त करायला घ्या. सिसिलियन नीट चालत असताना कॅरो-कानच्या रागाने डी४ या पहिल्या चालीवर उडी मारू नका. पाच दुखण्यांऐवजी दहा होतील.

समोरच्याचा बचाव चुकीचाच आहे, असं धरून चालणं

फ्रेंच बचावातल्या विनावर प्रकारात काळा तिसऱ्या चालीत उंट बी४ वर आणतो. हा प्रकार टिकणारा नाही, अशी फिशरची धारणा होती आणि त्याने ती लिहूनही ठेवली. पण याच विनावरमध्ये १९६० साली ब्यूनस आयर्सला त्याला वुल्फगांग उल्मानने हरवलं, १९६२ च्या अखेरीस अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत एडमार मेडनिसने आणि १९७० साली झाग्रेबला कोव्हाचेविचने.

यातलं उल्मानचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. ड्रेसडेनचा हा ग्रँडमास्टर ई४ ला आयुष्यभर ई६ हेच उत्तर देत आला. ई४ खेळणाऱ्यासमोर फ्रेंच अधूनमधून येतो, उल्मानच्या पटावर तो कायमच असायचा. बंद मध्यात घोडा कधी कुठे न्यायचा, सी-पट्टी कधी उघडायची, वजिराच्या बाजूला राजा नेणं कधी परवडतं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. अशा माणसासमोर ‘हा बचावच चुकीचा’ या विश्वासाने बसलात, तर तुम्ही त्याच्या अंगणात, त्याच्या नियमांनी खेळता.

म्हणून समोरचा एकाच बचावाचा भक्त असेल, तर सगळ्यात चर्चेतल्या, सगळ्यात धारदार प्रकारात शिरू नका. १९७३ साली माद्रिदला कार्पोव्हने उल्मानविरुद्ध ई४ च खेळलं, पण घोडा सी३ ऐवजी डी२ वर नेला. त्यामुळे विनावर आलाच नाही. उल्मानच्या वाट्याला मध्यात एकटं पडलेलं प्यादं आलं, कार्पोव्हने मोहरी बदलत बदलत त्याच्यावर दाब वाढवला आणि डाव जिंकला. क्लबच्या खेळाडूलाही हे जमतं: प्रत्येक मोठ्या बचावासाठी एक शांत वाट तयार ठेवायची.

पकडलं गेल्यावरही तोच प्रकार पुन्हा लावणं

निष्ठा काळ्या मोहऱ्यांनीही असते. फिशरचा नायडॉर्फ (सिसिलियनचाच एक प्रकार) आणि त्यातला ‘विषारी प्याद्या’चा प्रकार, म्हणजे वजिराने बी२ चं प्यादं खाणं, हा त्याचा मानबिंदूच होता. आइसलंडमधल्या रेक्याविकच्या १९७२ च्या स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सातव्या डावात त्याने तो लावला, बरोबरी झाली. अकराव्या डावात पुन्हा लावला. या वेळी स्पास्कीने चौदाव्या चालीत सी३ वरचा घोडा उचलून परत बी१ वर, घरी नेला. पाहणाऱ्याला ती माघार वाटावी, पण त्याने ए३ वरच्या वजिरावर हल्ला झाला, आणि पुढच्या आठ-दहा चालींत वजिराला पळायला जागाच उरली नाही. फिशर एकतिसाव्या चालीला हरला.

त्यानंतर त्या लढतीत विषारी प्यादं दिसलं नाही. ई४ ला तेराव्या डावात अलेखिन बचाव, पंधराव्यात नायडॉर्फच पण वेगळी वाट, सतराव्यात पिर्क बचाव, एकोणिसाव्यात पुन्हा अलेखिन, एकविसाव्यात ई६ चा सिसिलियन. या पाचांपैकी एकही डाव तो हरला नाही. घरी बसून त्या घोड्याच्या माघारीवर उत्तर शोधणं वेगळं, आणि दोन दिवसांनी त्याच माणसासमोर ते न शोधता बसणं वेगळं. स्पर्धेत त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा गाठ पडणार असेल, तर दुसरी वाट आधीच हाताशी हवी.

दोन डाव हरताच पहिली चाल सोडणं

ही उलट्या बाजूची चूक. लहान मुलांच्या स्पर्धांत मला ती फार दिसते. मूल सकाळचे दोन डाव हरतं, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर नवी ओपनिंग (डावाची सुरुवात) शिकवली जाते आणि तिसऱ्या फेरीत ते सातव्या चालीलाच गोंधळतं.

आधी हार कुठे झाली ते बघा. डाव इंजिनवर (बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रॅमवर) टाका आणि मूल्यांकन पहिल्यांदा कोणत्या चालीला कोसळलं, तेवढंच टिपा. ती चाल विशीच्या पुढची असेल, तर ओपनिंगचा दोष नाही. मोहरं फुकट गेलं असेल, वेळ संपला असेल, नाहीतर अंत्यडाव (थोडीच मोहरी उरल्यावरचा खेळ) आला नसेल. त्यासाठी ई४ ला शिक्षा कशाला?

फिशरने चाल बदलली, तेव्हा तयारीनिशी बदलली. रेक्याविकच्या सहाव्या डावात तो सी४ खेळला, डाव वजिराच्या गॅम्बिटमध्ये (सी४ चं प्यादं देऊ करण्याच्या ओपनिंगमध्ये) वळला, आणि तोही स्पास्कीचा हातखंडा असलेल्या टार्टाकोवर प्रकारात. फिशर इतका सुंदर जिंकला की स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. लोकांना तो चमत्कार वाटला, पण १९७० मध्येच त्याने स्पर्धांमधून बी३ आणि सी४ खेळून बघितलं होतं. त्या लढतीत पांढऱ्याने प्रत्यक्ष खेळलेल्या त्याच्या नऊ डावांपैकी पाचांत ई४ होतं आणि चारांत सी४. दुसरी चाल आणायचीच असेल, तर आधी सराव सामन्यांत, मग छोट्या स्पर्धेत, आणि शेवटी जिथे गुण मोलाचे आहेत तिथे आणा.

ओपनिंग शिकणं आणि तिचा अंत्यडाव न शिकणं

१९६६ च्या हवाना ऑलिम्पियाडमध्ये फिशरने स्पॅनिश ओपनिंगमधली (ई४ ई५, मग घोडा एफ३ आणि उंट बी५) जुनी अदलाबदल वापरून पोर्टिश, ग्लिगोरिच आणि हिमेनेझ यांना हरवलं. उंटाने सी६ चा घोडा मारायचा, की काळ्याची दोन प्यादी सी-पट्टीत एकामागे एक येतात. पुढे पांढऱ्याचं डी-प्यादं काळ्याच्या ई-प्याद्याशी बदललं गेलं, की राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार विरुद्ध तीन अशी प्यादी उरतात, आणि मोहरी बदलत गेली की तिथे मोकळं पुढे जाणारं प्यादं तयार होतं. काळ्याकडे त्या बदल्यात दोन उंट असतात. हा प्रकार निवडत असाल तर पहिल्या आठ चाली पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. उरलेला महिना फक्त राजे आणि प्यादी पटावर ठेवा, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून खेळा, आणि मग एकेक उंट, एकेक घोडा परत पटावर आणा.