वजन उचलताना गुडघ्याची वाटी दुखत असेल तर

स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन केलेल्या उठाबशीला) खाली बसताना वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठतानाही तेच. बहुतेक वेळा वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातल्या सांध्याला झेपेल त्यापेक्षा जास्त भार अचानक दिलेला असतो. जिम सोडायची सहसा गरज नसते. पण वाटी सरकली असेल, गुडघा सुजला किंवा अडकत असेल, त्यावर उभं राहवत नसेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आधी दुखण्याचा कोन शोधा. रिकामा बार घ्या, तीनपर्यंत मोजत खाली जा. जिथे दुखायला लागतं त्याच्या जरा वर येईल असा बॉक्स मागे ठेवा आणि तिथवरच बसा. १० पैकी ३ इतकं दुखलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवळायला हवं. नाही निवळलं तर वजन उतरवा.

मग लेग एक्स्टेंशन, म्हणजे बसून पाय समोर सरळ करायचं मशीन. लोक हे मशीन उगाच टाळतात. स्क्वॉटमध्ये जितकं खाली जाल तितका वाटीवर ताण वाढतो. या मशीनवर उलट, पाय सरळ होत आला की वाढतो. म्हणून गुडघा ९० अंश वाकलेला असताना सुरुवात करा आणि तो साधारण ४५ अंश वाकलेला राहील इतपतच पाय उचला. मांडीला पुरेसं काम मिळतं आणि वाटीला त्रास कमी होतो.

आता कंबरेखालचं बघा. पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवा, समोरून व्हिडिओ काढा. गुडघा आत झुकतोय? मांडी आत वळली की वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. शिवाय गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत नीट बसलेलीच नसते. २०-३० अंश वाकल्यावर बसते. मांडी आत वळू नये म्हणून कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पायांना रबरी बँड लावून आडवं चालणं आणि हीच पायरी, आठवड्यातून दोन-तीनदा करा.

मांडीचा फक्त आतला स्नायू बळकट करणारा खास व्यायाम कुणी सांगितला तर सोडून द्या, तो स्नायू एकटा काम करत नाही. नी स्लीव्हने (गुडघ्यावर चढवायच्या घट्ट पट्ट्याने) ऊब मिळते, बरं वाटतं, पण वाटी जागेवर राहील ही अपेक्षा नको.

दोन आठवडे दुखणं वाढलं नाही की बॉक्स थोडा खाली घ्या किंवा वजन वाढवा. दोन्ही एकदम नको.