न्यायालयीन मनोरुग्णांच्या वॉर्डातले वातावरण कसे मोजावे

सांगली-मिरज भागातल्या ज्या परिचारिकांना आणि समाजसेवा अधीक्षकांना न्यायालयाच्या आदेशाने दाखल झालेल्या मनोरुग्णांबरोबर काम करावे लागते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. जर्मनीत नॉर्बर्ट शालास्ट आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली एसेन मापनश्रेणी (२००८) वॉर्डातले वातावरण मोजायला सोयीची आहे. तिच्यात १७ विधाने असून पहिले व शेवटचे गुणांत धरत नाहीत. उरलेल्या १५ पैकी पाच-पाच विधाने रुग्णांमधला एकोपा, सुरक्षिततेची भावना आणि कर्मचाऱ्यांकडून मिळणारा उपचाराचा आधार यांविषयी असतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असल्याने प्रत्येक भाग २० गुणांचा होतो. सुरक्षिततेची पाचही विधाने आणि आधाराचे एक विधान उलट मोजायचे असते, म्हणजे ४ चे ० आणि ० चे ४ धरायचे. चूक हमखास इथेच होते.

फॉर्मवर नाव किंवा केसपेपर क्रमांक लिहू नये. ‘रुग्ण’ की ‘कर्मचारी’ एवढीच नोंद असावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना विधाने वाचून दाखवावीत, मात्र वाचणारी व्यक्ती त्या वॉर्डातली नसावी. ‘इथे काही रुग्णांना इतर रुग्णांची भीती वाटते’ हे वाक्य ऐकल्यावर रुग्ण आधी दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे (वॉर्डातल्या मदतनिसाकडे) पाहतो आणि मग ‘नाही’ म्हणतो, तेव्हा ते उत्तर मामांसाठी दिलेले असते. जतकडचे काही रुग्ण घरी कन्नड बोलतात, त्यांच्यासाठी कन्नड येणारा माणूस शोधावा.

रुग्ण आणि कर्मचारी यांच्या गुणांची एकत्र सरासरी कधीही काढू नये. कर्मचारी आधाराला रुग्णांपेक्षा जास्त गुण देतात आणि सुरक्षिततेबाबत रुग्णांपेक्षा जास्त धास्तावलेले असतात, असे परदेशातल्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. एकत्र सरासरीत नेमकी हीच तफावत पुसली जाते. दिवसभर वॉर्डातच असलेल्या सिस्टरांना आपण रुग्णांना भरपूर वेळ देतो असे मनापासून वाटते, पण त्यातला बराच वेळ औषधांचा ट्रे, रजिस्टर आणि कोर्टाच्या तारखांचा पत्रव्यवहार यांत गेलेला असतो, आणि रुग्णाच्या लक्षात राहते ते ‘थांब जरा’. म्हणून सर्वांत मोठी तफावत असलेले एकच विधान निवडून दोन्ही बाजूंशी वेगवेगळे बोलावे. कमी गुण देणारा कोण, याचा शोध घेऊ नये. तसे एकदा झाले की पुढच्या वेळी सगळेच पूर्ण गुण देतात.

रात्रपाळीच्या मामा-मावशींचे फॉर्म बहुधा राहून जातात. ते पहाटे, पाळी संपण्याआधीच भरून घ्यावेत, कारण नंतर सगळ्यांचे लक्ष गावाकडच्या एसटीकडे असते.