यलो अलर्ट आलाय, बेदाणा दुपारच्या आत झाकून घ्या

मंडळी, सकाळी ग्रुपवर सोलापूरला यलो अलर्टचा मेसेज पडला की निम्मे जण म्हणतात, काय होत नाय, यलोच तर हाय. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे आता हला. पण वळवात यलोचा दिवसच जास्त फसवतो, कारण अंदाज असतो अख्ख्या जिल्ह्याचा, जिल्हा पसरलाय करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि ढग फुटतो कुठंतरी चार-पाच गावांवर. बार्शीत गारा आणि मोहोळात नुसता धुरळा, असं होतंच की.

म्हणून सकाळचा अलर्ट कामं उरकायला वापरा आणि दुपारी हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज, ज्याला नाऊकास्ट म्हणतात, तो मौसम ॲपवर बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप ठेवा, आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडतेय का ते कळतं. बाकी आभाळ सांगतंच. सकाळपासून घामाच्या धारा, वारं पडलेलं आणि दोननंतर कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे चढायला लागले की समजायचं. एकदा का गार वाऱ्याचा झोत धुरळा घेऊन अंगावर आला की मग ताडपत्री शोधायला वेळ नसतो.

बेदाण्यावाल्यांनी जास्त जपा. मागच्या साली आम्ही बेदाणा वाळवायच्या शेडच्या बाजूचा प्लास्टिकचा कागद फक्त वरून बांधला होता, खालचा काठ मोकळाच, वारं आत शिरलं आणि कागद शिडासारखा फुगून सुतळीसकट गेला, वरच्या दोन रॅकचा माल भिजून काळा पडला. आता खालचा काठ पाईपला गुंडाळून दर तीन-चार फुटांवर बांधतो. वाळलेला माल रॅकवर ठेवू नका, झाडून क्रेटमध्ये भरा आणि पक्क्या खोलीत हलवा, लोभापायी अजून एक ऊन देऊ म्हणणाऱ्याचंच नुकसान होतं. कडब्याच्या गंजीवर कागद टाकून दोरीला दगड लटकवा.

डाळिंबात अलर्टच्या दिवशी फवारणी नको, धुऊन जाते आणि पैसे पण. गारा पडून गेल्यावर फुटलेली फळं गोळा करून बागेबाहेर पुरा, पानं सुकली की अर्धा टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारा, तेल्या हा जिवाणूचा रोग अशा जखमेतून सहज घुसतो. केळीच्या घड असलेल्या झाडांना टेकू आधीच द्या.

जनावरं लिंबाखाली बांधायची सवय सोडा राव. झाडावर वीज पडली की करंट जमिनीतून पसरतो आणि गाय-म्हशीचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं तो अंगातून जातो, म्हणून एकाच झाडाखाली तीन-चार जनावरं जातात. माणसानं पण झाड, तारेचं कुंपण, मोटरचा स्टार्टर यापासून लांब व्हायचं आणि पक्क्या घरात नाहीतर काचा बंद करून गाडीत बसायचं, नुसत्या पत्र्याच्या उघड्या शेडचा भरवसा नाय. चमकल्यापासून आवाज 30 सेकंदाच्या आत आला तर वीज 10 किलोमीटरच्या आतच हाय. रानात अडकलाच तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाय, मग भलेही मोटर बंद करायची राहिली असेल.

नुकसान झालंच तर माल हलवायच्या आधी फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून, आणि तलाठी नाहीतर कृषी सहाय्यकाला त्याच दिवशी कळवा.