लाँचआधीची तयारी: एकट्याने सॉफ्टवेअर विकायला काढताना

एकट्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची यादी बहुतेक वेळा फीचरपासून सुरू होते आणि लाँचच्या आदल्या रात्री पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) फॉर्मवर येऊन अडते. क्रम उलटा हवा. कोड रात्री बसून बदलता येतो. खात्याची पडताळणी, ॲप स्टोअरची तपासणी, नव्या डोमेनच्या मेलची पत ही कामं मात्र दुसऱ्याच्या घड्याळावर चालतात, तुमच्या जागरणाने ती लवकर होत नाहीत. म्हणून कामं महत्त्वाप्रमाणे लावण्यापेक्षा, कशासाठी किती थांबावं लागतं त्याप्रमाणे लावावीत.

दीड-दोन महिने आधी नाव आणि डोमेन पक्कं करा. ज्या देशांत विकायचं आहे तिथल्या ट्रेडमार्क नोंदींत तेच नाव, किंवा कानाला तसंच लागणारं नाव, त्याच प्रकारच्या मालासाठी नोंदलेलं नाही ना हे पाहून घ्या. फोनवर नाव सांगितलं तर समोरच्याला न विचारता टाइप करता येतं का, हीही एक चाचणीच. डॉट कॉमसारखं डोमेन घेतल्यावर मेल पडताळणीचा दुवा येतो. १५ दिवसांत तो दाबला नाही, तर रजिस्ट्रारला (डोमेन विकणाऱ्या कंपनीला) स्वतः पडताळणी करावी लागते किंवा डोमेन बंद ठेवावं लागतं. हा मेल स्पॅममध्ये पडून राहतो, साइट दोन आठवडे छान चालते आणि मग एका सकाळी नाहीशी होते. माणूस मात्र सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो. आपोआप नूतनीकरण चालू करा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, आणि रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा मेल पत्ता देऊ नका. डोमेन अडकलं तर ते सोडवायचा मेलही तिथेच अडकेल.

मेलची व्यवस्था त्याच आठवड्यात लावायची. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफ (तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (पडताळणीत नापास मेलचं काय करायचं) या तिन्ही नोंदी हव्यात. एसपीएफची नोंद एकच असते. मेल पाठवणारी दुसरी सेवा जोडताना तिच्या सूचना वाचून दुसरी वेगळी एसपीएफ नोंद टाकली, तर दोन्ही निकामी होतात. जुन्या नोंदीतच भर घालावी लागते. त्या नोंदीतून होणाऱ्या डीएनएस शोधांची मर्यादा १० आहे, चार-पाच सेवा जोडल्या की ती सहज ओलांडली जाते. डीमार्कची सुरुवात ‘नन’ (काहीच अडवू नका) धोरणाने करून अहवाल येऊ द्या. आपलेच सगळे मेल उत्तीर्ण होताना दिसले की ‘क्वारंटाइन’वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) जा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितल्या आहेत. जीमेलसाठी मोठं प्रमाण म्हणजे दिवसाला ५,००० मेल, पण लहान पाठवणाऱ्यानेही तेवढंच करावं; त्याने काही बिघडत नाही. पासवर्ड बदलण्याचे आणि पावतीचे मेल एका उपडोमेनवरून, जाहिरातवजा मेल दुसऱ्यावरून पाठवा, म्हणजे एकाची बदनामी दुसऱ्याला तितकी लागत नाही. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत २,००० पत्ते असतील, तर कोऱ्या डोमेनवरून एका दिवसात सगळ्यांना लिहू नका. आधी ५०, मग १००, मग २०० असं वाढवत न्या, आणि अलीकडे नाव नोंदवलेल्यांपासून सुरुवात करा. तेच मेल उघडतात.

पेमेंटचं खातं उघडण्याआधी साइटवर अटी, गोपनीयता धोरण, रिफंडचे नियम, किंमत आणि संपर्काचा पत्ता दिसला पाहिजे. अर्ध्या साइटवर पडताळणी अडते. इथे एक निवड करायची असते. साधा गेटवे स्वस्त पडतो, पण कराचा हिशोब तुमच्याकडे राहतो. युरोपीय संघात डिजिटल सेवांवरचा कर १ जानेवारी २०१५ पासून ग्राहकाच्या देशाप्रमाणे लागतो, आणि असे नियम इतर अनेक ठिकाणीही आहेत. ‘मर्चंट ऑफ रेकॉर्ड’ प्रकारची सेवा स्वतःच्या नावाने विक्री करते, कर स्वतः भरते आणि त्यासाठी जास्त कमिशन कापते. ग्राहक दहा देशांत विखुरलेले आणि बनवणारा एकच माणूस असेल, तर सुरुवातीला ते कमिशन द्यावं असं आमचं मत आहे. एकाच देशात विकायचं असेल तर साधा गेटवे पुरतो. स्ट्राइप या पेमेंट गेटवेवर पहिली रक्कम बँकेत यायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात, तेव्हा पहिल्या महिन्याचं सर्व्हरचं बिल विक्रीतून भरण्याचा बेत आखू नये. कार्डाच्या विवरणात दिसणारं नाव ५ ते २२ अक्षरांचं असतं. तिथे कंपनीचं नाही, प्रॉडक्टचं नाव द्या. न ओळखलेली नोंद दिसली की लोक तुम्हाला न विचारता थेट बँकेत तक्रार करतात.

मोबाइल ॲप असेल तर आणखी दोन रांगा. गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला, ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी, किमान १२ जणांसोबत सलग १४ दिवस बंद चाचणी घ्यावी लागते. ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. बारातला एक जण बाहेर पडला की मोजणी कोलमडते, म्हणून अठरा-वीस जण घ्या. ॲपलकडे, ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच पुसताही आलं पाहिजे. हा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे. तपासणाऱ्याला चालू स्थितीतलं नमुना खातं द्या, त्यात आधीच थोडी माहिती भरून ठेवा. लॉगिन फोनवरच्या ओटीपीने होत असेल, तर त्याच्यासाठी ठरावीक ओटीपी चालणारी वाट करून द्या, नाहीतर ॲप पहिल्याच पडद्यावरून परत येतं.

या रांगा लागल्या की मग कोडकडे वळा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, फोनवर, मंद नेटवर अनोळखी माणसासारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत जा: खातं उघडा, मुख्य काम करा, पैसे भरा, पावती पाहा, पासवर्ड विसरा, योजना रद्द करा, रिफंड घ्या, खातं पुसा. ‘रद्द करा’ हे बटण बहुतेकांनी एकदाही दाबलेलं नसतं.

पेमेंटच्या चाचणीत तीन कार्डं तरी वापरा. स्ट्राइपच्या टेस्ट मोडमध्ये ४२४२ ४२४२ ४२४२ ४२४२ हे चालतं, ४००० ०००० ०००० ०००२ नाकारलं जातं आणि ४००० ००२५ ०००० ३१५५ बँकेची जादा पडताळणी मागतं. तिसरं सर्वांत जास्त राहून जातं. पण खरा घोळ वेबहुकमध्ये असतो, म्हणजे पैसे आले, योजना बदलली अशा घटनांची जी खबर गेटवे तुमच्या सर्व्हरला पाठवतो तिच्यात. पैसे भरल्यानंतर ‘धन्यवाद’ पान उघडलं म्हणून प्रवेश देऊ नका. ग्राहक ते पान उघडण्याआधीच टॅब बंद करू शकतो. प्रवेश वेबहुक आल्यावरच द्यायचा. एकच घटना दोनदा येऊ शकते, तेव्हा घटनेचा आयडी डेटाबेसमध्ये युनिक बंधनासह (तोच आयडी पुन्हा साठणार नाही असा) साठवा आणि दुसऱ्यांदा आली तर सोडून द्या. घटना क्रमाने येतील याचीही हमी नाही, ‘योजना बदलली’ ही खबर ‘योजना सुरू झाली’च्या आधीही येऊ शकते. म्हणून खबरीतल्या मजकुरावर विसंबण्यापेक्षा, ती आली की गेटवेला ताजी स्थिती विचारा. वेबहुक खरंच गेटवेकडून आलं हे सांगणारी सही तपासताना विनंतीचा कच्चा मजकूर लागतो. फ्रेमवर्कने त्यातलं जेसन (माहिती लिहिण्याची मांडणी) उलगडून दिलं आणि तुम्ही परत जोडलं, तर एखाद्या मोकळ्या जागेच्या फरकाने सही जुळत नाही. उत्तर लगेच २०० (‘मिळालं’ असा कोड) द्या आणि जड काम रांगेत टाका. टेस्ट आणि लाइव्हचं (खऱ्या पैशांचं) वेबहुक सीक्रेट, म्हणजे सही तपासायची गुप्त किल्ली, वेगळं असतं हे विसरलं, तर पहिल्या खऱ्या ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि प्रवेश मिळत नाही. न स्वीकारलेलं वेबहुक स्ट्राइप लाइव्हमध्ये तीन दिवसांपर्यंत परत परत पाठवत राहतं. त्यानंतर त्या घटना तुम्हालाच ओढून आणाव्या लागतात. हे सगळं झाल्यावर लाइव्हमध्ये स्वतःच्या खऱ्या कार्डाने, सर्वांत लहान योजनेची खरेदी आणि रिफंड एकदा करून पाहा.

रक्कम दशांशात साठवू नका, सर्वांत लहान एककात (रुपयांऐवजी पैशांत) पूर्णांक म्हणून साठवा. मात्र जपानी येनला उपएककच नाही. तिथे सवयीने १०० ने गुणलं तर ग्राहकाकडून शंभरपट रक्कम मागितली जाते. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, दाखवताना बदला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाने बराच काळ मिळत आलेला अक्षरसंच प्रत्यक्षात एका अक्षराला तीनच बाइट देतो, इमोजीला चार लागतात. म्हणून टेबल ‘यूटीएफ-८-एमबी-४’ वर हवं. देवनागरी नाव टाकून चाचणी केली तर हा दोष सापडत नाही, कारण आपली अक्षरं तीन बाइटांत बसतात. आडनावापुढे कोणी हसरा चेहरा टाकला की मग एरर येते.

गुपितं, म्हणजे एपीआय कीज (बाहेरच्या सेवा वापरायच्या किल्ल्या) आणि डेटाबेसचा पासवर्ड, चुकून गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) गेली असतील तर फाइल पुसून भागत नाही. ती इतिहासात राहते. की रद्द करून नवी घ्यायची.

बॅकअपबद्दल एकच प्रश्न विचारावा: शेवटचा बॅकअप कोऱ्या मशिनवर चढवून प्रॉडक्ट चालू करायला किती मिनिटं लागतात? आकडा नसेल तर बॅकअप आहे असं धरू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीजी-डंप या बॅकअप आज्ञेत रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत, ते पीजी-डंप-ऑलने वेगळे काढावे लागतात. नवीन मशिनवर पुनर्स्थापना याच जागी एरर देते. लोकांनी चढवलेल्या फाइल डेटाबेसच्या डंपमध्ये नसतात. एसक्यूलाइट या एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसची फाइल चालू असताना साधी कॉपी केली तर अर्धवट उतरू शकते, त्याची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा. आणि क्लाउडच्या त्याच खात्यातला स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणीची प्रत) हा दुसरा बॅकअप मानू नये. खातं गोठलं तर दोन्ही जातात.

देखरेख बाहेरून हवी. सर्व्हरवरच बसलेला पहारेकरी सर्व्हरसोबतच झोपतो. दर मिनिटाला बाहेरच्या सेवेकडून एक तपासणी, डिस्क ८० टक्के भरली की सूचना, आणि रात्री चालणारी कामं ‘झालं’ असं कळवतील अशी सोय. ती खबर आली नाही तरच इशारा यावा. लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइल) फिरवले, म्हणजे जुने वेळोवेळी पुसले, नाहीत तर डिस्क भरते आणि डेटाबेस लिहिणं थांबवतो, लहान सर्व्हर बंद पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. साइट सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र सहसा ९० दिवसांचं असतं आणि नूतनीकरण साधारण साठाव्या दिवशी होतं. मधल्या काळात कोणी पोर्ट ८० (सर्व्हरची जी वाट ही तपासणी सहसा वापरते ती) बंद केलं असेल, तर तीन महिने भरताच साइटवर लाल इशारा येतो. जून २०२५ पासून मुदत संपण्याच्या सूचनेचे मेलही ते पाठवत नाहीत, तेव्हा ही तारीखही देखरेखीत घाला.

शेवटच्या आठवड्यात नवीन फीचर नाही. तीन दिवस आधी कोड गोठवा, आणि मागच्या आवृत्तीवर परतण्याची आज्ञा एकदा खरोखर चालवून पाहा. सर्व्हर किंवा पत्ता बदलायचा असेल तर आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. पोस्टग्रेसमध्ये मुळात एका वेळी १०० जोडण्यांची मर्यादा असते. सर्व्हरलेस फंक्शन (मागणीप्रमाणे वेगवेगळ्या प्रती सुरू होणारा कोड) वापरत असाल तर गर्दीच्या पहिल्या तासातच ती संपू शकते, म्हणून मध्ये पूलर (त्याच जोडण्या वाटून वापरणारा प्रोग्राम) बसवा. मोफत चाचणीमागे पैसे लागणारी एपीआय असेल तर दर माणशी मर्यादा आणि एकूण खर्चाची कडक मर्यादा, दोन्ही घाला. नवीन नोंदणी थांबवणारा एक स्विच ठेवा, सर्व्हरवर नवा कोड न चढवता चालणारा. पान समाजमाध्यमावर टाकल्यावर दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं करा.

नवी प्रॉडक्ट लोकांपुढे मांडायच्या प्रॉडक्ट हंट या साइटचा दिवस पॅसिफिक वेळेनुसार (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या) रात्री १२ वाजून १ मिनिटाने सुरू होतो. टॅगलाइनला ६० अक्षरं मिळतात. त्यात विशेषणं न घालता कोणासाठी आणि काय एवढं लिहा. हॅकर न्यूज या प्रोग्रामरांच्या चर्चास्थळाच्या ‘शो एचएन’ (आपण बनवलेलं दाखवायच्या) विभागात लोकांना लगेच वापरून पाहता येईल अशी वस्तू लागते, नुसतं नाव नोंदवायचं पान चालत नाही, आणि मित्रांना मतं द्यायला सांगणं तिथे नियमाविरुद्ध आहे. दोन्ही एकाच दिवशी करू नका. प्रश्नांना पहिल्या काही तासांत उत्तर देणं हेच त्या दिवसाचं काम असतं, आणि एक माणूस दोन ठिकाणी पुरत नाही. नेहमीच्या आठ-दहा प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवा: किंमत का, डेटा कुठे, बाहेर कसा काढायचा, रिफंड किती दिवसांत.

कॅलेंडरमध्ये लाँचनंतरची एक तारीख आत्ताच टाकून ठेवा, पहिल्या मासिक नूतनीकरणाची. त्या दिवशी एकदम बरीच कार्डं कापली जातील, काही मुदत संपलेली असतील, काहींना बँक परत पडताळणी मागेल. फसलेल्या पेमेंटवर प्रवेश ताबडतोब तोडायचा नाही. तीन-चार वेळा परत प्रयत्न, प्रत्येक वेळी कार्ड बदलण्याचा थेट दुवा असलेला मेल, आणि तोवर आठवडाभर प्रवेश चालू. हा मार्ग लाँचआधी टेस्ट मोडमध्ये घड्याळ पुढे सरकवून तपासता येतो. स्ट्राइपमध्ये त्यासाठी ‘टेस्ट क्लॉक’ आहे.