हँडब्रेक ढिला झालाय? नट आवळायच्या आधी मागची चाकं बघा

दांडा ओढला की कट कट कट करत पार वर येतो तरी चढावर गाडी हळूच मागे सरकते, मग आपण गिअर टाकून उतरतो आणि म्हणतो बघू पुढच्या सर्व्हिसिंगला. मी पण बरेच महिने हेच केलं. शेवटी एका रविवारी कन्सोल (पुढच्या दोन सीटमधलं प्लास्टिकचं झाकण) उघडला, केबलचा नट दिसला, दिला आवळून. चार कटकटीत दांडा टाइट, मी एकदम खूश! दोन दिवसांनी गाडी जड वाटायला लागली, थांबून मागच्या चाकाजवळ हात नेला तर नुसती धग आणि जळका वास. ब्रेक चोवीस तास घासत होता ना.

चूक अशी होती की ढिलेपणा केबलमध्ये नव्हताच. मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा गोल डबा) असलेल्या गाडीत ब्रेक लागतो तो आतल्या शू, म्हणजे दोन कमानी, ड्रमला दाबल्या जाऊन. त्यांच्यावरचं लायनर (घासणारा थर) झिजतं, शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, ते भरून काढायला दांडा जास्त वर यावा लागतो. हे अंतर आपोआप कमी करणारा अ‍ॅडजस्टर आत असतो पण गंज आणि धुळीने तो जाम होतो, आणि आपण वरून केबल ताणून ठेवली की शू पूर्ण मागे जातच नाहीत, मग तर तो कामच करत नाही. म्हणून आधी शू, केबल सगळ्यात शेवटी.

आधी कटकटी मोजा. बऱ्याच गाड्यांत 4 ते 7 च्या आसपास असतात, तुमच्या गाडीचा नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल, तोच धरा.

गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, कधीच नाही. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाणारी गाडी असेल तर गिअरमध्येच राहू द्या, मागची चाकं तशीही मोकळी फिरतात, पण मागच्या चाकांना जाणारी असेल तर न्यूट्रल करावी लागते आणि तेव्हा सगळी भिस्त ठोकळ्यांवर.

आता दांडा पूर्ण खाली आणि केबलचा नट चांगला ढिला करून ठेवा. हो, ढिला. चाकाच्या आतल्या बाजूला ड्रमच्या मागच्या पत्र्यावर एक रबरी बूच असतं, ते काढलं की आत अ‍ॅडजस्टरची दातेरी चाकी दिसते (काही गाड्यांत हे भोकच नसतं, तिथे ड्रम काढावा लागतो). स्क्रूड्रायव्हरने एकेक दाता फिरवत राहा, चाक हाताने फिरेनासं झालं की थांबा, आणि मग चाक मोकळं फिरून लायनरचा अगदी हलका सर्र आवाज येईल इतकेच दाते मागे घ्या. मागे फिरवताना अडकली तर आतली अडकवणारी पट्टी दुसऱ्या बारीक स्क्रूड्रायव्हरने जरा बाजूला सारावी लागते, इथे चिडचिड होते, होऊ द्या. दोन्ही चाकं झाली की ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे शू मध्यावर बसतात, आणि चाकं परत फिरवून बघा.

ड्रम उघडलाच तर आतली काळी धूळ फुंकू नका, हवा पण मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आत तेलकट ओलं दिसलं तर बहुधा व्हील सिलिंडर (पेडल दाबल्यावर शू ढकलणारा भाग) गळतोय, इथेच थांबा आणि मेकॅनिककडे जा.

आता नट. बहुतेक गाड्यांत तो दांड्याच्या बुडाशी कन्सोलच्या आत असतो, काहींत गाडीच्या खाली. आट्यांची दांडी नटाच्या बाहेर लांब येत असेल तर साधा सॉकेट पोचत नाही, खोल सॉकेट लागतो. अर्धा फेरा आवळा, दांडा ओढा, मोजा, परत अर्धा. पहिल्या कटकटीला चाकं मोकळी हवीत, मॅन्युअलच्या आकड्याला दोन्ही जाम. एकच जाम होत असेल तर दुसऱ्या बाजूची केबल गंजून अडकलेली असायची शक्यता जास्त, नट कितीही आवळून उपयोग नाही, केबल बदला. लॉकनट (नट सैल होऊ नये म्हणून लावलेला दुसरा नट) असेल तर तो आवळून टाका. दांडा खाली घेतल्यावर दोन्ही चाकं आधीसारखी मोकळी फिरलीच पाहिजेत.

मागे डिस्क असतील तर प्रकार वेगळा, तिथे कॅलिपरवरचा (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागावरचा) छोटा लिव्हर दांडा खाली असताना स्टॉपला टेकलेला हवा, केबल त्याला जराही ओढत नको. आणि बटणवाला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर यातलं काहीच करू नका, त्याला सर्व्हिस मोडमध्ये टाकायला बहुतेक वेळा स्कॅनर लागतो.

गाडी खाली घेतली की मोकळ्या चढावर न्यूट्रलला उभी करा, हँडब्रेक ओढा आणि पेडलवरचा पाय हळूहळू उचला, पण पाय तिथेच जवळ ठेवा. धरली तर पाच-सात किलोमीटर फिरवून आणा आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा, न चिकटवता. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापलेली वाटली तर त्या बाजूचा दाता अजून एक मागे.