हँडीकॅमच्या फाइली कॉम्प्युटरवर लागत नाहीत? आधी कन्व्हर्ट करायला धावू नका

इंदुरात रामबाग म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, कुणाच्याही घरचं कपाट उघडा, एखादा जुना हँडीकॅम निघतोच. आणि त्यात काय असतं तर मुंज, आजीची पंचाहत्तरी, रंगपंचमीची गेर (रंग-गुलाल उडवत निघणारी मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेले चालते देखावे). आता ते सगळं लॅपटॉपवर घ्यायला जावं तर फाइल उघडत नाही, उघडली तर आवाज नाही, आवाज आला तर चित्र अडकत अडकत चालतं. मग लोक दुकानात नेतात आणि तिथे सांगतात की फाइली करप्ट आहेत, किंवा सगळं डीव्हीडीवर करून देतो. कृपा करून असं करू नका. फाइल बहुतेक वेळा एकदम ठणठणीत असते. आणि डीव्हीडी म्हणजे तुमचं 1920 बाय 1080 चं शूटिंग 720 बाय 576 मध्ये कोंबणं, जे गेलं ते परत येत नाही.

पहिलं काम कॉपी. कॅमेरा चार्जरला लावून ठेवा (कितीतरी मॉडेल नुसत्या बॅटरीवर यूएसबीला जोडतच नाहीत), यूएसबी कनेक्ट करा, किंवा कार्ड काढून रीडरमध्ये घाला. कार्डावर प्रायव्हेट नावाचं फोल्डर, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम, आणि शेवटी 00000, 00001 अशा नंबरांच्या एमटीएस फाइली. लोक फक्त त्या एमटीएस उचलतात, पण तुम्ही वरचं प्रायव्हेट फोल्डरच अख्खं उचला, कारण कुठली क्लिप कुठल्या क्लिपला जोडलेली आहे ही माहिती बाजूच्या फोल्डरांत असते. मॅकवर एव्हीसीएचडी एकच फाइल असल्यासारखं दिसतं, राइट क्लिक करून शो पॅकेज कंटेंट्स केलं की आतलं दिसतं. कॅमेऱ्याची इंटरनल मेमरी वेगळी बघा बरं का, अर्धं शूटिंग तिथेच राहून गेलेलं असतं. फोल्डरला नाव देताना साल आणि प्रसंग लिहून टाका, उदाहरणार्थ 2011 मुंज. आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, अगदी नाही.

आता चालवून बघा. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका, फुकट आहे, एमटीएस, एमटूटीएस, एमओडी, व्हीओबी सगळं चालवतो. कोडेक पॅक (प्लेअरला जास्तीचे फॉरमॅट वाचायला शिकवणारे तुकडे) वगैरे शोधत बसू नका, भलत्याच साइटवरून भलतंच काहीतरी येतं. व्हीएलसीत चित्र आणि आवाज दोन्ही नीट असेल तर फाइल चांगली आहे, त्रास फक्त तुमच्या दुसऱ्या प्लेअरला किंवा एडिटरला आहे. एव्हीसीएचडी हा फॉरमॅट सोनी आणि पॅनासोनिकने 2006 मध्ये आणला, त्यात व्हिडिओ एच 264 असतो आणि आवाज बहुतेक डॉल्बीचा एसी-3, आणि हा एसी-3 काही एडिटरांना कळत नाही म्हणून चित्र येतं पण आवाज गायब. जेव्हीसीच्या हँडीकॅमच्या एमओडी फाइली असतील तर त्या आतून एमपेग-2 च आहेत, फाइलीच्या नावातलं शेवटचं एमओडी काढून एमपीजी करा, बहुतेक ठिकाणी लागतात. फक्त वाइड शूटिंग कधी कधी दाबल्यासारखं, माणसं बारीक उंच अशी दिसतात, तेव्हा एडिटरमध्ये आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) 16:9 करून टाका.

व्हिडिओला हात न लावता नुसता डबा बदलता येतो, आतली भाजी तीच. याला रीमक्स म्हणतात, लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एमटीएस टाका, आउटपुट एमपी4 किंवा एमओव्ही निवडा, एक्स्पोर्ट. क्वालिटी तसूभरही कमी होत नाही आणि काम पटकन होतं कारण नवीन काही बनतच नाही. हँडब्रेक या फुकट कन्व्हर्टरमध्ये हे होत नाही, तो व्हिडिओ दरवेळी नव्याने एन्कोड करतो, म्हणजे पुन्हा बनवतो, म्हणून त्याचा नंबर नंतर.

लांब शूटिंगचा एक घोळ नेहमीचा. मुंजीत कॅमेरा स्टँडवर लावून सोडलेला असतो, पण कार्ड एफएटी 32 (फॉरमॅट करायची एक जुनी पद्धत) असेल तर एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊच शकत नाही, काही कॅमेरे तर 2 जीबीलाच तोडतात. मग मंगलाष्टकं मध्येच तुटून पुढच्या नंबरच्या फाइलीत जातात, आणि एडिटरमध्ये शेजारी शेजारी ठेवली की जोडावर आवाज टक करतो. त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधली साधी कॉपी कमांड, तिला स्लॅश बी लावायचं आणि दोन्ही फाइलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह, पुढे नव्या फाइलीचं नाव. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे असतील तरच आणि क्रमानेच जोडा. मग रीमक्स करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इंटरलेस. आपल्याकडचे हँडीकॅम बहुतेक 50आय मध्ये शूट करतात, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, एक ओळ सोडून एक. जुन्या टीव्हीवर ते छान दिसायचं. लॅपटॉपवर मात्र झांकीचा रथ पुढे सरकला की दिव्यांच्या माळेला आडव्या दातेरी रेघा सुटतात, लेझीमवाल्यांचे हात तर नुसते कंगव्यासारखे दिसतात. लोक म्हणतात कॅमेरा खराब होता, तसं नाहीये. व्हीएलसीत बघताना डी दाबा, रेघा जातात. कायमचं करायचं तर हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये जाऊन डीइंटरलेस, यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ, प्रीसेट बॉब, आणि फ्रेमरेट 50 करा. 25 ठेवला तर अर्धी हालचाल फेकली जाते आणि गेरमध्ये गुलाल उडतो तो झटके देत उडतो. क्वालिटी आरएफ (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं) 18 ते 20 च्या दरम्यान ठेवा.

एडिटिंगला शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, हिंदी-इंग्लिश दोन्ही टायटल टाकता येतात, मराठीही अर्थात. लॅपटॉप जुना असेल आणि टाइमलाइन अडकत असेल तर सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी ऑन करा, तो मागे छोट्या कॉप्या बनवून त्यावर काम करू देतो आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलीवरूनच करतो. कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली असंही विचारतो, त्यात बेटर निवडलं तर तासाला 50 जीबीच्या वर जागा लागू शकते, तेव्हा डिस्क बघून हो म्हणा.

मिनीडीव्ही कॅसेट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फाइल नाहीच, कॅसेट कॅमेऱ्यात चालवून फायरवायरने (यूएसबीहून वेगळी, जुन्या पद्धतीची केबल) कॅप्चर करावी लागते, तासाला 13 जीबी. बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबीने कॅसेटचं पूर्ण क्वालिटीचं व्हिडिओ येत नाही. डेस्कटॉपला फायरवायर कार्ड बसवणं सोपं, नवीन लॅपटॉपला अवघड. आणि छोटी 8 सेंटीमीटरची डीव्हीडी असेल तर आधी त्याच कॅमेऱ्यात फायनलाइज करा (म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येईल अशी करा), आणि ओढून घेणाऱ्या फटीवाल्या ड्राइव्हमध्ये ती घालू नका, आतच अडकते.

पुण्याच्या मावशीला पाठवायचं तर एमपी4, एच 264, एएसी आवाज. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून टाका, 2 जीबीपर्यंत जातं आणि दाबलं जात नाही. टीव्हीला पेनड्राइव्हवर लावायचं असेल आणि टीव्ही जुना असेल तर पेनड्राइव्ह एफएटी 32 ठेवून फाइल 4 जीबीच्या आत बसवा, नाहीतर कॉपीच होणार नाही.