मूडलवर साहित्य चढवण्याआधी आणि उतरवून घेताना: शिक्षकांसाठी तयारीची यादी

पहिले काम मूडल (विद्यार्थ्यांना अभ्याससाहित्य देण्याचे आणि त्यांचे गृहपाठ व गुण ठेवण्याचे कॉलेजचे ऑनलाइन व्यासपीठ) उघडण्याआधी, आपल्याच संगणकावर करायचे. विषयाच्या नावाचे एक फोल्डर, त्यात युनिटनुसार छोटी फोल्डरे, आणि प्रत्येक फाइलची मूळ प्रत तिथेच. मूडलवर जाते ती या फाइलची प्रत. दुरुस्ती करायची झाली की ती मूळ फाइलीत करायची आणि मग वरची प्रत बदलायची, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नका. ठाण्याच्या घरातला संगणक, ऐरोलीच्या कॉलेजातल्या लॅबमधला संगणक आणि पर्समधला पेनड्राइव्ह अशा तीन ठिकाणी ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ फिरू लागल्या, की विद्यार्थ्यांच्या हाती नेमकी कोणती गेली हे सत्राच्या मध्यावर कुणालाच सांगता येत नाही.

फाइलचे नाव रोमन अक्षरांत, लहान आणि सलग ठेवा: विषयाचा कोड, युनिट, क्रमांक. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याऐवजी आडवी रेघ द्या. मराठी नावे मूडलला चालतात, पण तीच फाइल झिपमधून जुन्या संगणकावर उघडली की नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसू शकतात. मूडलच्या पानावर दिसणारे शीर्षक वेगळे लिहिता येते. तिथे खुशाल छान मराठीत ‘युनिट १: मागणी आणि पुरवठा’ असे द्या.

आपल्या मराठी माध्यमाच्या आणि मराठी विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची तपासणी फाँटची. जुन्या नोट्स अनेकदा श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोड (सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. आपल्या संगणकावर त्या सुबक दिसतात, कारण फाँट आपल्याकडे आहे; विद्यार्थ्याच्या मोबाइलवर त्याच ओळी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होऊन उघडतात. ओळखायची खूण सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड, गिचमिड दिसली तर जुना फाँट. मग एकतर फाँट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा किंवा निदान पीडीएफ करा, म्हणजे फाँट फाइलीसोबतच जाईल. मी पहिला मार्ग सुचवेन. जुन्या फाँटची पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. वर्गात असा एकच विद्यार्थी असला तरी हे काम करायलाच हवे.

वाचायचे साहित्य शक्यतो पीडीएफमध्येच द्या. आपली मुले ते बघतात कुठे, हे डोळ्यांसमोर आणा: ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने, मोबाइलवर, दिवसाच्या ठरलेल्या डेटात. नाहीतर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, जिथे वर्डची फाइल उघडली की तक्ते पानाबाहेर पळालेले असतात. हाताने लिहिलेल्या नोट्स स्कॅन करताना ३०० डीपीआय रंगीत असा हट्ट नको. १५० डीपीआय आणि करड्या छटा वाचायला पुरतात आणि फाइल बरीच हलकी होते. स्लाइड्समधली छायाचित्रे पॉवरपॉइंटच्या ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधून छोटी करून घ्या. व्याख्यानाचा व्हिडिओ मात्र मूडलवर चढवूच नका. तो यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसणारा) ठेवा आणि इथे फक्त लिंक द्या. यूट्यूब नेटच्या वेगानुसार चित्राचा दर्जा खाली-वर करते. मूडलवर चढवलेली फाइल मात्र जशी आहे तशीच, पूर्ण वजनाने, मुलांपर्यंत जाते.

आता मर्यादा. मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या या कामाची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली, आणि तेव्हापासून ज्याची त्याची संस्था आपापल्या सर्व्हरवर ते बसवते. त्यामुळे फाइल किती मोठी चालेल याचे उत्तर कॉलेजागणिक वेगळे. सर्व्हरची मर्यादा, साइटची, कोर्सची आणि त्या ठरावीक ॲक्टिव्हिटीची (उदाहरणार्थ एखाद्या असाइनमेंटची), या चारांत जी सर्वांत लहान ती लागू होते. मूडल ज्यावर चालते त्या सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रणालीत मुळात एका फाइलसाठी अवघे २ एमबी धरलेले असतात, ते ॲडमिनला वाढवावे लागतात. फाइल टाकायच्या चौकटीवरच कमाल आकार लिहिलेला असतो. तो आधी वाचा, आणि कमी वाटला तर सत्र सुरू होण्याआधीच ॲडमिनशी बोला.

वेळेचा हिशेबही आधी करा. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर ४०० एमबीच्या फाइलला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. कनेक्शन घेताना सांगितलेला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, म्हणून अपलोडचा वेग वेगळा मोजून घ्या. अपलोड मध्येच तुटले तर मूडल ते पुढे चालू करत नाही, पहिल्यापासून सुरू करावे लागते. जूनच्या पहिल्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते हे कुणाला सांगायला नको. मोठ्या फाइली मे महिन्यातच चढवून ठेवा. त्या विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवण्याची सोय आहेच.

चढवण्याआधी वर्ड आणि पॉवरपॉइंट बंद करा. फाइल उघडी असेल तर शेवटची सेव्ह केलेली प्रत जाते, तुम्ही समोर बघत आहात ती नव्हे. फाइली बऱ्याच असतील तर झिप करून एडिट मोडमध्ये कोर्सच्या पानावर ओढून सोडा; झिप तशीच ठेवायची की उलगडून फोल्डर करायचे, असे मूडल विचारते. फोल्डर निवडा. मोबाइलवर झिप उघडणे अनेक मुलांना जमत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. फाइल बदलायची वेळ आली तर जुनी नोंद काढून नवी करू नका. त्याच नोंदीच्या सेटिंगमध्ये जाऊन आतली फाइल बदला, म्हणजे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवलेली लिंक चालू राहते.

सगळे झाल्यावर ‘स्विच रोल’ने विद्यार्थी होऊन पाहा. तेवढ्यावर समाधान मानू नका. ॲडमिनकडून एक चाचणीचे विद्यार्थी खाते मागून घ्या आणि मोबाइलवर, वायफाय बंद करून, प्रत्येक फाइल उघडा. असाइनमेंटसाठी याच खात्यातून एक फाइल जमाही करा. फोनने काढलेल्या आठ-दहा फोटोंची उत्तरपत्रिका ठरवलेल्या मर्यादेत बसते का, हे तिथेच कळते.

उतरवून घेण्याच्या तयारीकडे फारसे कुणी लक्ष देत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. असाइनमेंटमधून सगळ्या उत्तरपत्रिका एका झिपमध्ये मिळतात. प्रत्येक फोल्डरच्या नावात विद्यार्थ्याच्या नावापुढे एक क्रमांक असतो. तपासलेल्या प्रती अभिप्राय म्हणून पुन्हा एकत्र चढवायच्या असतील तर या नावांतले एक अक्षरही बदलू नका. कोणती प्रत कुणाची हे मूडल त्याच क्रमांकावरून ओळखते. गुण संगणकावर भरायचे असतील तर असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये ‘ऑफलाइन ग्रेडिंग वर्कशीट’ चालू करा, ती सीएसव्ही फाइल (साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता) उतरवा, आणि फक्त गुणांचा कॉलम भरा.

याच जागी एक्सेल घात करते. मुंबई विद्यापीठाचा पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) १६ आकडी आहे आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच जपते. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली की प्रत्येक पीआरएनचा शेवटचा आकडा मुकाट्याने शून्य होतो. ओळीने येणाऱ्या दहा विद्यार्थ्यांचा क्रमांक एकच होऊन बसतो. आणि ती फाइल तशीच सेव्ह केली तर खरा आकडा फाइलीतूनही जातो. नंतर कॉलम रुंद करून किंवा फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. सुरुवातीचे शून्य असलेले रोल नंबरही असेच कापले जातात. म्हणून सीएसव्ही थेट उघडू नका. कोरी एक्सेल फाइल घ्या, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ निवडा, यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याचा प्रकार) ठरवा म्हणजे मराठी नावे शाबूत राहतील, आणि पीआरएन व रोल नंबरचे कॉलम ‘टेक्स्ट’ करा. लिब्रेऑफिस असेल तर ते हे सगळे उघडतानाच विचारते, मला ते जास्त भरवशाचे वाटते. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. गुणपुस्तकात गुण आयात करताना पीआरएनऐवजी ई-मेलवरून जुळवणी करता येते. मुलांचे ई-मेल बरोबर नोंदवलेले असतील तर तोच मार्ग घ्या. आणि आयात झाल्यावर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अशा काही विद्यार्थ्यांचे गुण कागदावरच्या यादीशी ताडून बघा. एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर पडणे ही तांत्रिक चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

सत्र संपल्यावर कोर्सचा बॅकअप घ्या. त्याची एमबीझेड फाइल मिळते. पुढच्या वर्षी रिकाम्या कोर्समध्ये ती रिस्टोअर केली की सगळी मांडणी परत उभी राहते. शिक्षकाच्या खात्यातून घेतलेल्या बॅकअपमध्ये मुलांच्या उत्तरपत्रिका आणि गुण सहसा नसतात, त्यामुळे उत्तरपत्रिकांची झिप आणि गुणपुस्तकाची सीएसव्ही वेगळी उतरवा. तिन्ही फाइलींच्या नावात वर्ष आणि सत्र लिहा. झिप एकदा उघडून आतली शेवटची उत्तरपत्रिका दिसते का ते पाहा, मग आपल्या संगणकाबरोबरच विभागाच्या हार्ड डिस्कवरही ठेवा. मुलांची नावे आणि गुण असलेल्या या फाइली व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. नव्या तुकडीसाठी कोर्स ‘रीसेट’ केला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून या तिन्ही फाइली दोन्ही ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.